पाटीवरची अकरावी ओळ

मुंबईच्या ९२-९३ च्या दंगलीत आपण मास्तरांच्या घराला वाचवलं, ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचे थांबे मला पाठ आहेत. आई कुठे आवाज खाली आणणार, कुठे पदर डोळ्यांना लावणार, काका मध्येच "चार रात्री, चार!" असं कधी म्हणणार. पाहुण्यांना सांगून झाली, माझ्या सासरी सांगून झाली, भावाच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा निघाली. मीही सांगितली आहे, कॉलेजात, ऑफिसात, छाती भरून. गोष्ट खरी आहे. तिच्यातला एकही शब्द वाढवलेला नाही. फक्त आम्ही जिथे थांबायचो तिथे ती थांबली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आमची चाळ घोडपदेवला. एका अंगाला रे रोड आणि दारूखाना, दुसऱ्या अंगाला माझगाव. गोदीतले, गिरणीतले, रेल्वेतले, माथाडी, असे सगळे राबणारे लोक, आणि त्यातले निम्मे कोकणातले. रत्नागिरीकडचे हिंदू आणि रत्नागिरीकडचेच मुसलमान. मास्तर आणि आमचे आजोबा एकमेकांशी बोलायला लागले की दोघांच्या गावच्या हेलात कुणाचा कुठला शब्द ते ओळखू यायचं नाही. दोन मजले, २४ खोल्या, मधोमध लाकडी जिना, आणि जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर राहणाऱ्यांच्या नावांची पाटी.

ती पाटी बाबांनी रंगवली होती. बाबा मूळचे गिरणीतले, साचेखात्यातले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी दीड वर्षाची होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत. बाबाही त्यातलेच. मंडळाचे बोर्ड लिहिणाऱ्या एका मित्राच्या हाताखाली ते अक्षरं शिकले आणि पुढे आयुष्यभर 'पेंटर' झाले. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, टेम्पोच्या मागचं 'आईचा आशीर्वाद'. चाळीची पाटी त्यांनी पैसे न घेता लिहून दिली. तपकिरी जमीन, पांढरी अक्षरं, ऑइल पेंट. आधी खडूची दोरी ताणून रेघ, मग अक्षर, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, एका दमात. मास्तरांच्या आडनावात 'ख' होता. 'ख' लिहिताना बाबा खालचा पाय जोडून घ्यायचे, नाहीतर लोक 'रव' वाचतात म्हणायचे. अकराव्या ओळीतला तो 'ख' त्यांचा आवडता होता. जिना उतरताना त्याच्यावरून ते नुसती नजर टाकत जायचे, मी पाहिलंय.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. अख्ख्या वाडीचे शाळेचे युनिफॉर्म त्यांच्याकडे. जूनमध्ये त्यांचं मशीन रात्री बारापर्यंत चालायचं आणि आम्ही त्या आवाजावर झोपायचो. आई त्यांच्या बायकोला भाभी म्हणायची, आम्ही मुलं चाची म्हणायचो. त्यांची मुलगी माझ्या वर्गात नव्हती, ती उर्दू शाळेत जायची, पण पाण्याच्या रांगेत आम्ही दोघी रोज रात्री एकाच हंड्यावर बसलेल्या असायचो. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती "बघू" म्हणाली. म्हणजे नाही.

६ डिसेंबर १९९२ हा रविवार होता. अयोध्येत मशीद पडली. रात्रीपासूनच शहरात दगड सुरू झाले, मग पोलिसांचा गोळीबार, कर्फ्यू. डिसेंबरचे ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतात. पाववाला आला नाही. दूध मिळालं, पाव नाही. बेकऱ्या बंद होत्या, आणि बेकऱ्या कुणाच्या आहेत हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. तोवर पाव हा पाव होता. आठवड्याभरात शांत झालं. शाळा सुरू झाल्या, मास्तरांचं मशीनही सुरू झालं. मग वर्ष संपता संपता महाआरत्या सुरू झाल्या. रस्त्यावरचा शुक्रवारचा नमाज, त्याला उत्तर म्हणून रस्त्यावरची आरती. चाळीतली मुलं टेम्पो करून जायची आणि येताना घसे बसलेले असायचे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डोंगरी भागात माथाडी कामगारांचे खून झाले. आमच्या चाळीत माथाडींची पाच घरं होती. त्या दिवशी गॅलरीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मास्तर कामाचे कपडे द्यायला खाली उतरले तेव्हा माणसं बाजूला झाली. वाट देतात तशी नाही, वेगळी. माझ्या मैत्रिणीला आजही त्या दिवसातलं तेवढंच नेमकं आठवतं, अब्बा उतरले आणि लोक सरकले. मग ७ आणि ८ तारखेच्या मधल्या रात्री जोगेश्वरीत राधाबाई चाळीतली एक खोली बाहेरून कडी घालून पेटवली. सहा माणसं जळून गेली. माझी मावशी जोगेश्वरीला, तिथून दोन गल्ल्यांवर. बातमी आली तेव्हा आई भिंतीला टेकून खालीच बसली. मावशीला तिच्या शेजारच्या मुसलमान घराने मागच्या दाराने काढून स्टेशनपर्यंत पोचवलं होतं, हे आम्हाला आठवड्याने कळलं. म्हणजे त्या घरातही आज आमच्यासारखीच एक गोष्ट सांगत असतील.

त्या शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी डबा काढला. मी जिन्यावर बसले होते. बाबांच्या शेजारी मास्तर उभे. दोघांत काय बोलणं झालं होतं ते मला माहीत नाही, पण ते ठरवून खाली आले होते. बाबांनी रुंद ब्रश घेतला आणि अकराव्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे एकदा नेला. मग पुन्हा एकदा. नाव दिसेनासं झालं. आकडा ठेवला. त्याच आठवड्यात मुंबईभर हेच चाललं होतं. दादरला, माहीमला, वरळीला, मोठमोठ्या इमारतींच्या दारातून माणसांनी आपापली नावं उतरवली, काहींनी शेजाऱ्यांची उतरवली. आमच्याकडे पितळेची पाटी नव्हती, स्क्रू काढून खिशात टाकता येईल अशी. आमच्याकडे ब्रश होता.

मग त्या चार रात्री. मास्तर, चाची, मैत्रीण, तिचा धाकटा भाऊ आणि म्हातारी दादी आमच्या पोटमाळ्यावर. सहा फूट बाय आठ फूट, उभं राहता येत नाही. दादीला खोकला. ती तोंडात उशीचा कोपरा धरून खोकायची. आई वर भात पोचवायची. खाली गॅलरीत पोरं गस्तीला, गच्चीवर दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या रचलेल्या. रोज रात्री कुठून तरी "आले, आले" असा आवाज उठायचा आणि चाळीतले दिवे विझायचे. कोण येणार आहे ते कुणी पाहिलं नव्हतं. समुद्रातून बोटी येणार म्हणे, दुधात विष घातलंय म्हणे. माणसं ते शेजारच्या खोलीत जाऊन तसंच्या तसं सांगायची.

रविवारी, १० तारखेच्या रात्री, खरंच आले. वीस-पंचवीस जण असतील. ते आले ते "आपले". जिन्याखाली थांबले आणि टॉर्चने पाटी वाचली. आम्हाला वर घरात ऐकू येत होतं, एक जण नावं मोठ्याने वाचत होता, रोल कॉल घेतात तशी. दहा म्हणाला, मग थांबला.

"अकरा कोणाचं?"

"रिकामी आहे," बाबांचा आवाज आला. "खोली रिकामी आहे."

ते थोडा वेळ थांबले आणि गेले. आमच्या घरातली गोष्ट इथे संपते. इथे आई डोळे टिपते, काका चार बोटं दाखवतात, आणि ऐकणारा माणूस म्हणतो, असे शेजारी हवेत.

या गोष्टीत 'बाहेरची मुलं आली' असं एक वाक्य आहे. तेही प्रत्येक वेळी असतं. मुंबईत दंगलीबद्दल कुणालाही विचारा, आमच्याकडच्या कोणी काही केलं नाही, बाहेरची मुलं आली, असंच सांगतील. मी तीस वर्षं हेच म्हणत आले. पण पाटी वाचणारा तो आवाज मी ओळखला होता. दोन गल्ल्या सोडून राहणारा, गणपतीत माइकवर हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा. त्याच चढ्या, स्पष्ट आवाजात त्याने नावं वाचली. मी आईला सांगितलं नाही, बाबांना नाही, पुढे कुणालाच नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. तोही कुणाचा तरी शेजारी होता. त्याच्या चाळीतही कदाचित कुणीतरी पोटमाळ्यावर असेल.

हे मला नंतर आकडे वाचताना पुन्हा पुन्हा आठवत गेलं. राज्य सरकारने जानेवारी १९९३ मध्येच न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. १९९६ च्या जानेवारीत नव्या सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा चालू केला आणि १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा विषयही त्याला जोडला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही, ५ इतर. जखमी २०३६. कशाने मेली तेही त्यात आहे. पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२, इतर ४. सगळ्यात मोठा आकडा पोलिसांच्या गोळ्यांचा आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बेरीज करून पाहिली. बरोबर ९०० येते. का केली माहीत नाही, चूक निघावी असं वाटत असेल.

भोसकून ३४७. ही गोळी नाही, लांबून लागत नाही. इतक्या माणसांना मारायला इतक्या जवळ गेलेले हात लागतात. ते हात रात्री कुठल्या तरी चाळीत, कुठल्या तरी मोरीत धुतले गेले असतील, आणि ते पाणी कुणीतरी काढून दिलं असेल. हजाराहून जास्त प्रकरणं 'गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही' असा शेरा मारून बंद झाली. आयोगाने ३१ पोलिसांवर कारवाई करा म्हटलं होतं. त्याचं पुढे फार काही झालं नाही. बॉम्बस्फोटांत एका दुपारी २५७ माणसं गेली. तो खटला चालला, शिक्षा झाल्या, व्हायलाच हव्या होत्या. त्याच्या आधीच्या दोन महिन्यांच्या वाट्याला तसं न्यायालय आलं नाही, आणि हे म्हणणं म्हणजे स्फोटांत मेलेल्यांना कमी लेखणं नव्हे, हे प्रत्येक वेळी वर सांगावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

अहवालाच्या दुसऱ्या खंडात पोलीस ठाण्यांनुसार प्रकरणं आहेत. मी आमचा भाग काढून ओळ न् ओळ वाचला. आमची चाळ त्यात नाही. नसणारच. आमच्याकडे कुणी मेलं नाही, काही जळलं नाही, कुणी तक्रार केली नाही. आमच्या चाळीत काही घडलंच नाही.

मास्तरांचं कुटुंब कर्फ्यू उठल्यावर खाली आलं, अकरा नंबरात परत गेलं. मार्चमध्ये स्फोट झाले. कथा बाजारचा आवाज आमच्याकडे आला. त्या आठवड्यात मास्तरांकडे शिवायला कपडे आले नाहीत. मे महिन्यात एक टेम्पो आला आणि ते मुंब्र्याला गेले. मशीन दोरीने बांधलेलं मला आठवतं. आम्ही दोघी मुली टेम्पोपाशी उभ्या होतो आणि पत्ता लिहून घ्यायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. जूनमध्ये आम्हाला अभ्यासाला एक जास्तीची खोली मिळाली. मी दहावी त्या खोलीत बसून केली. पुढे भावाचा संसार तिथेच सुरू झाला. त्या खोलीला आम्ही 'अकरा नंबर' म्हणायचो, आणि ती आमची कशी झाली हे मी कधी विचारलं नाही. बारा वर्षांची मुलगी विचारत नाही हे ठीक. पण मी पस्तीस वर्षांची झाले तरी विचारलं नव्हतं.

२०२० च्या जानेवारीत मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच होती. कुणाकुणाकडून नंबर मिळवत आली होती. सत्तावीस वर्षांनी बोलणं, आणि तिने हवापाणी विचारलंच नाही. नागरिकत्वाच्या कायद्याचे ते दिवस होते. मुंब्र्यात घराघरात लोक कागद शोधत होते, जुने दाखले, जुनी रेशनकार्डं. ती म्हणाली, "आमच्या खोलीच्या भाडेपावत्या तुमच्याकडे राहिल्या असतील का गं? अब्बा गेले तेव्हापासून शोधतोय. अब्बांच्या नावाचं, जुनं, मुंबईतलं काहीतरी हवंय."

मी चाळीत गेले. बाबांच्या लोखंडी ट्रंकेत, ब्रशांच्या डब्याखाली, पावत्यांचा गठ्ठा होता. सुतळीने बांधलेला, वर्षांप्रमाणे लावलेला. बाबांची सगळी कामं तशीच. मे १९९३ पर्यंतच्या पावत्या मास्तरांच्या नावावर. जून १९९३ पासूनच्या बाबांच्या.

आईला विचारलं. आई आधी म्हणाली, तुला काय करायचंय आता. मग म्हणाली, पंच्याहत्तर हजार. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोलीचा तेव्हाचा भाव त्याच्या दुप्पट तरी होता, हे तिनेच सांगितलं. तिच्या पाटल्या गहाण पडल्या, काकांकडून उसने घेतले, घरमालकाला त्याचा हिस्सा दिला आणि पावती नावावर झाली. "त्या दिवसांत दुसरं कोणी तेवढंही देत नव्हतं," आई म्हणाली. "मुसलमानाची खोली म्हणून गिऱ्हाईक भाव पाडायचं. तुझे बाबा म्हणाले, दुसऱ्याने लुटण्यापेक्षा आपण घेऊ. मास्तरांनी हात जोडले होते बाबांपुढे." तेही खरं असणार. आई खोटं बोलत नाही.

मग तिने आपणहून आणखी एक सांगितलं, ज्यासाठी मी तयार नव्हते. पाटीवर त्या शुक्रवारी बाबांनी लावला तो ऑइल पेंट नव्हता. गेरू होता, पाण्यात कालवलेला, थोडा डिंक घातलेला. मास्तर परत आपल्या खोलीत गेले की ओल्या फडक्याने निघावा म्हणून. "मला म्हणाले होते, चार दिवसांचं काम आहे, अक्षराला धक्का लागता कामा नये." जूनमध्ये पावती नावावर झाल्यावर एक दिवस त्यांनी गेरू पुसला आणि त्याच जागी तपकिरी ऑइल पेंटची पट्टी मारली. पक्की.

मी विचारलं, मग तिथे आपलं नाव का नाही लिहिलं? आईने मान हलवली. तिला माहीत नव्हतं. वीस वर्षं बाबा त्या पाटीवरून जात-येत राहिले. चाळीत माणसं बदलली तशा इतर ओळी त्यांनी पुसून पुन्हा लिहिल्या, कितीतरी. अकरावी ओळ कोरी ठेवली. पेंटरच्या स्वतःच्या खोलीला नाव नव्हतं. २०१४ मध्ये ते गेले. विचारायची वेळ मी घालवली.

फेब्रुवारीत पावत्या घेऊन मुंब्र्याला गेले. स्लो लोकल, कळवा, मग डोंगर जवळ येतो आणि वर मुंब्रादेवीचं देऊळ दिसतं. दंगलीनंतर मुंबईतून हजारो मुसलमान कुटुंबं इथे आली, मुंब्रा त्यांनीच भरलं. मुसलमान वस्त्यांतली हिंदू कुटुंबं तशीच उठून दुसरीकडे गेली, माझी मावशी डोंबिवलीला गेली ती गेलीच. कुठल्या गल्लीत कोण राहतं याचा नकाशा त्या दोन महिन्यांनी बदलला आणि तो अजून तसाच आहे. ९०० मध्ये हे नाही, २०३६ मध्ये नाही. शांतता परत आणण्यासाठी माणसं झटली, हेही मी विसरत नाही. माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश सहानी यांनी पोलीस आणि दोन्ही समाजांच्या रहिवाशांच्या मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान घरोघर फिरले. त्यांच्यामुळे पुढे कितीतरी ठिणग्या जागीच विझल्या. पण टेम्पोत बसून गेलेल्याला परत ये म्हणायला जाणारी कमिटी कुठली असणार? ते शेजाऱ्यानेच करायचं असतं.

मैत्रिणीच्या घरी चाची होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मास्तर २००९ मध्ये गेले. पावत्या बघून मैत्रीण एकेक मोजत बसली. म्हणाली, "अब्बा इथे सगळ्यांना सांगायचे, आमच्या चाळीतल्या पेंटरने आम्हाला वाचवलं. चार रात्री माळ्यावर ठेवलं." मी विचारलं, पुढे काय सांगायचे? "पुढे काही नाही. तिथेच संपवायचे." म्हणजे दोन घरांत, घोडपदेवला आणि मुंब्र्याला, एकच गोष्ट सांगितली जात होती आणि दोन्हीकडे ती एकाच ठिकाणी तोडली जात होती. आम्ही का तोडत होतो ते मला कळलं होतं. मास्तर का तोडत असतील? बायकोमुलांपुढे, नव्या गावात, आपली खोली अर्ध्या किमतीत गेली हे कुठला माणूस सांगेल?

मग लॉकडाऊन आला. फोनवर बोलत राहिलो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल वर्तमानपत्रात वाचला. दंगलीत १६८ माणसं बेपत्ता होती, त्यातल्या ६० जणांच्या घरच्यांना नुकसानभरपाई पोचली होती. बाकीच्या १०८ जणांच्या घरच्यांचा पत्ता लागत नव्हता. कोर्टाने राज्याला, तुम्ही कायदा-सुव्यवस्था राखू शकला नाहीत, असं सांगितलं आणि त्यांना शोधून व्याजासकट पैसे द्या म्हटलं. तीस वर्षांनी. मी ती बातमी कापून ठेवली आहे. १०८ घरं मिळत नाहीत कारण ती तिथे राहत नाहीत, आणि ती कुठे गेली हे तिथे राहणाऱ्यांनी विचारलेलं नाही. मला वाचताना टेम्पोपाशी उभ्या दोन मुली दिसल्या.

या शहरात स्मारकं नाहीत असं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळ्या खाल्लेल्यांसाठी हुतात्मा चौक आहे. २००६ च्या लोकलमधल्या स्फोटांसाठी माहीम स्टेशनवर फलक आहे, ११ जुलैला तिथे लोक फुलं ठेवतात. २६ नोव्हेंबरला हुतात्मा पोलिसांना सलामी असते. ९२-९३ च्या ९०० माणसांची नावं कुठे कोरलेली माझ्या पाहण्यात नाहीत. बाहेरून आलेल्याने मारलं तर दगडावर नाव येतं. शेजाऱ्याने मारलं तर दगड कुणाच्या दारात लावायचा, हा प्रश्न पडत असेल.

गेल्या वर्षी चाळ रिकामी झाली. सेसची, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी, जुनी बिल्डिंग, पुनर्विकासाला गेली. भावाला दोन खोल्यांच्या बदल्यात दोन फ्लॅट मिळणार आहेत, त्यातला एक अकरा नंबरचा. आजच्या भावाने तो किती होतो ते मी लिहीत नाही, मुंबईतल्या माणसाला सांगावं लागत नाही. भावाशी मी बोलले. तो म्हणाला, ताई, बाबांनी रीतसर पैसे देऊन घेतली होती. हो, म्हटलं. आमचं बोलणं अजून संपलेलं नाही.

पाटी भंगारवाला नेणार होता, मी मागून घेतली. फोनवर मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, आण एकदा, अम्मी बघेल. चादरीत गुंडाळून, लेडीज डब्यात दाराशी उभी धरून मी ती मुंब्र्याला नेली. बायकांनी विचारलं, काय आहे, देव आहे का? मी नुसती मान हलवली.

चाचीला आता जवळजवळ दिसत नाही. पाटी तिच्या मांडीवर ठेवली. तिने बोटांनी वरून ओळी मोजल्या. अकराव्या ओळीवर आली आणि तिची बोटं सावकाश सरकायला लागली. मी तिच्या शेजारी बसून बघत होते आणि मला समजेना ती काय करते आहे. ऑइल पेंटच्या अक्षराला जाडी असते. वरून कितीही रंग मारला तरी खालची कड हाताला लागते, हे पेंटरच्या मुलीला माहीत असायला हवं होतं.

"हा ख," चाची म्हणाली.

तिने माझा हात धरून माझी बोटं त्याच्यावर ठेवली. जोडलेला पाय, शिरोरेघ, सगळं होतं.

"तुझ्या बाबांनी खरवडलं नाही, बाय. वरून झाकलं." मग थोड्या वेळाने, तशाच आवाजात, "पण नंतर कुणी आलं नाही. ईदला वाटायचं, पेंटर येतील. मुंब्रा काय लांब आहे?"

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतं. मैत्रीण चहा घेऊन आली, कप ठेवले, चाचीच्या मांडीवरची पाटी उचलली आणि कपाटाला टेकवून उभी केली.

"राहू दे इथे," ती म्हणाली.